दोनशे अकरावं वचन

मलकापूर,
२ डिसेंबर २०२४

प्रिय पुष्पांजली,

सलाम.

वीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहितोय तर आधी तब्येतीची चौकशी करावी, जावईबुवांना नमस्कार सांगावा, हे मला कळतं. पण ते लिहायला बसलो की पेन अडतं, म्हणून आधी काम सांगतो. फोन करता आला असता. तुझा नंबर दीपमालाकडे आहे आणि तुम्ही नणंद-भावजया दर गुरुवारी मी जिनिंगवर गेलो की तासभर बोलता, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि मग तुझाही चढतो. कागदावर तरी दोघांना शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

काम असं आहे. आपल्या मंडळीत नवीन पाळक आलेत, प्रज्वल नाव. एकोणतीस वर्षांचं पोरगं आहे, पण उपदेश बरा करतं. एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत आपण पत्र्याच्या डब्यातून वचन काढतो ना, ज्याला जे कार्ड येईल ते त्याचं वर्षभराचं वचन, ती पद्धत त्यांना फार आवडली. ती कार्डं मात्र बाबांच्या काळातली. कोपरे झिजलेत, काहींवर तेलाचे डाग. तर पाळकसाहेबांनी ठरवलं की यंदा नवी छापून घ्यायची आणि प्रत्येक वचनाखाली ते शास्त्रात कुठे आहे ते घालायचं, पुस्तक, अध्याय आणि ओवी. बाबांनी कधी ते घातलं नव्हतं. ज्याला हवं त्यानं शोधावं, शोधताना आणखी दोन वचनं सापडतील, असं ते म्हणायचे.

हे काम माझ्याकडे आलं. माझ्याशिवाय कोण करणार होतं, हे मी गर्वानं म्हणत नाही, थोडं गर्वानंच म्हणतो. कापसाचा हंगाम चालू आहे, वजनकाट्यावर गाड्यांची रांग असते, तरी दोन गाड्यांच्या मध्ये शास्त्र उघडून बसायचो. कार्डं आहेत दोनशे अकरा. दोनशे दहांचा पत्ता नऊ दिवसांत लागला. एकाचा लागत नाही. ते असं:

"ज्या घरात तुला नावाने हाक मारली, त्या घराकडे पाठ करू नको, कारण तुझी भाकर तिथेच मोडली जाईल."

तुला आठवत असेल. आठवत असेल म्हणजे काय, आठवतच असणार. तू प्रेमशी कॅथलिक चर्चमध्ये लग्न केलंस आणि त्यांच्या मिस्साला जाऊ लागलीस, म्हणून १४ नोव्हेंबर २००४ च्या रविवारी सभासदांच्या यादीतून तुझं नाव कमी केल्याचं मी पंच म्हणून व्यासपीठावरून वाचलं. आणि नाव वाचून झाल्यावर हेच वचन वाचलं होतं.

आता विनंती एवढीच. आमच्या शास्त्रात सहासष्ट पुस्तकं, तुमच्यात त्र्याहत्तर. त्या जास्तीच्या सात पुस्तकांत हे कुठे आहे का, बघून कळव. फादरांना विचारलंस तरी चालेल. सापडलं तर मी वीस वर्षांपूर्वी आमच्या व्यासपीठावरून तुमचं शास्त्र वाचलं असं होईल, आणि नाही सापडलं तर त्याहून वाईट. दोन्हीकडून पंचाईत माझीच आहे.

सर्वांना सलाम.

तुझा भाऊ,
भाऊराव

मलकापूर,
१२ डिसेंबर २०२४

पुष्पे,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. दुसऱ्यानं वाचलं तर त्याला वाटेल, वीजबिलाबद्दल लिहिलंय. "त्र्याहत्तर पुस्तकांत ते नाही, फादरांनाही विचारलं. ते शास्त्रातलं नाहीच, ते आईच्या तोंडचं आहे. अक्षर माझं आहे, नीट बघ."

नीट बघितलं. कार्ड चष्म्याजवळ नेलं, लांब नेलं. बाबांसारखंच वळण आहे, कारण तुला अक्षर बाबांनीच शिकवलं. पण शाळेतल्या मुलीसारख्या आधी पेन्सिलीनं ओळी आखल्यात आणि मग पुसल्यात. बाबा कधी ओळी आखत नसत. सदतीस वर्षं ते कार्ड माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मला त्या ओळी दिसल्या नाहीत. त्या दिवशी एका ट्रकचं वजन मी दोनदा केलं. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, झोप नाही झाली काय.

माझी आठवण सांगतो, कुठे चुकली तर दुरुस्त कर. डिसेंबर १९८७. बाबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती. दरवर्षी ते दहा-बारा फाटलेली कार्डं बदलून नवी लिहीत. त्या वर्षी ते काम आईनं तुला दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण वचनं सगळी पाठ. ती चुलीशी बसून सांगत होती आणि तू पाटावर लिहीत होतीस. तू अकरा वर्षांची. मी त्या वेळी घरात नव्हतो, ट्रंकेला कुलूप आणायला बाजारात गेलो होतो.

ट्रंक कशासाठी, हे तुला माहीत आहे. नाशिकच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून मला बोलावणं आलं होतं. चार जानेवारीला हजर व्हायचं होतं. एकोणीस वर्षांचा होतो. खिळे जुळवून पुस्तकं छापायची, याहून मोठं काम जगात नाही असं तेव्हा वाटायचं. बाबांनी हो म्हटलं होतं. आईनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

एक तारखेला डबा पाळकांच्या हातात असायला हवा होता, तो आईनं घेतला. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं डबा माझ्याकडे असा कलता केला की एकच कार्ड वर यावं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मी ते मोठ्यानं वाचलं. बाबा पट्टीखालून म्हणाले, "परमेश्वर बोलला रे." मी घरी जाऊन ट्रंक रिकामी केली. पुढच्या महिन्यात जिनिंगमध्ये काट्यावर लागलो, तो आजतागायत तिथेच आहे.

म्हणजे सदतीस वर्षं मी समजत होतो की देवाचं ऐकलं, आणि ऐकलं होतं सोजराबाईंचं, आपल्या आईचं.

पहिल्यांदा संताप आला. खोटं कशाला बोलू. मेलेल्या आईवर संतापून काही उपयोग नसतो, म्हणून तो दीपमालावर निघाला. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती गंभीर होईल. ती हसायला लागली, इतकी की पदर तोंडात धरून ओट्याला टेकली. म्हणाली, "म्हंजे मी तुमाले सासूबाईच्या वचनानं भेटली. नाशिकले गेले असते त कोनी दुसरीच भेटली असती." मी विचारलं, "तुले बरं वाटून राह्यलं?" ती म्हणाली, "मले लई बरं वाटून राह्यलं."

रात्री जेवताना मी हिशेब काढला, पैशांचा नाही, दुसराच. नाशिकला गेलो असतो तर हे घर नाही, दीपमाला नाही, आपली अनुपमा नाही, जी आता बुलडाण्याला शाळेत शिकवते आणि मला फोनवर रोज बीपीची गोळी घेतली का विचारते. छापखान्याचं काय झालं असतं? खिळ्यांचे छापखाने दहा वर्षांत बंदच पडले. मला काही कमी पडलं नाही, पुष्पे. खरं सांगायचं तर मी सुखात आहे. हे कबूल करायला मला चार घास लागले.

पण एक विचारतो. २००४ च्या त्या रविवारी तू समोर बसली होतीस. तुझ्याच अक्षरातलं, आईनं रचलेलं वाक्य मी परमेश्वराचं वचन म्हणून तुझ्याविरुद्ध वाचलं. तू उभी राहून एका शब्दात माझं तोंड बंद करू शकली असतीस. काऊन गप्प बसली?

भाऊराव

मलकापूर,
२१ डिसेंबर २०२४

पुष्पे,

तुझं मोठं पत्र आलं. चार पानं. पहिली दोन पानं तू वाद घातलास, त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे.

तुला आठवतं, लग्नाच्या आधी आपण स्वयंपाकघरात हाच वाद घातला होता. मी म्हणालो होतो, शास्त्र म्हणजे काटा. माणूस चुकेल, काटा चुकणार नाही. तुमचे पोप, तुमच्या परिषदा, आमचे पंच, आमचे पाळक, ही सगळी माणसं. त्यांचं सांगणं काट्यावर ठेवून बघायचं. तर तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "दादा, तुह्या जिनिंगचा काटा बरोबर हाये, हे वर्षातून एकदा येऊन, तपासून, शिक्का मारून कोन सांगते? वजनमापाचा मानूस ना? मंग शास्त्रात कोनती पुस्तकं अन् त्याचा अर्थ काय, हे शिक्का मारून कोनी सांगाले नको?" मी ताट सारून उठलो होतो.

उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं, आणि वीस वर्षं सांगायला कोणी नव्हतं. ते असं: शिक्का मारणारा वजन तयार करत नाही. काटा खोटा असेल तर त्याच्या शिक्क्यानं तो खरा होत नाही. शास्त्र खरं होतं म्हणून चर्चनं त्याला शास्त्र म्हटलं, चर्चनं म्हटलं म्हणून ते खरं झालं नाही. आता यावर काय म्हणतेस ते बघू.

तू या पत्रात लिहिलंस की पोप नको म्हणणाऱ्यांच्या घरोघरी एकेक पोप असतो, आणि मलकापूरच्या पोपचं नाव भाऊराव. हे गुलजारला वाचून दाखवलं. गुलजार म्हणजे रोहिणखेडचा, कापूस घेऊन येतो तो, तू त्याला ओळखतेस. तो गाडीच्या टपावर बसून हसला. म्हणाला, "आमच्यात बी तेच हाये, भाऊ. किताब एक, अन् मतलब सांगनारे दर गल्लीत." मग मीही हसलो.

आता तिसरं पान.

तू लिहिलंस की त्या दिवशी तू उभी राहणारच होतीस. हातांनी बाक धरलाही होता. पण बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत आई बसली होती आणि तिनं वळून तुझ्याकडे बघितलं. "डोळे असे होते दादा, की मला बारीक पोरीसारखं वाटलं. मी बोलले असते तर भर मंडळीत आई खोटी पडली असती. नाव तर कमी होणारच होतं, नियमच तसा आहे. त्यासाठी आईची लाज का घालवू?" असं तू लिहिलंस. मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आणि आई. त्यानंतरच्या एक तारखेपासून तिनं डब्यात हात घातला नाही. "माह्यं झालं," म्हणायची. आम्ही समजलो, वय झालं.

पुष्पे, आता मला जे लिहायचंय ते मी दोन पत्रं टाळलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की एका वचनाचा पत्ता लागत नाही. ते खोटं आहे. दोनशे दहा शोधली, ते दोनशे अकरावं मी शोधलंच नाही. कारण ते मी आधीच शोधलं होतं. १५ नोव्हेंबर २००४, सोमवार. तुझं नाव वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर मला वाटत होतं, हे वाक्य कुठे आहे ते मला सांगता येत नाही, आणि कोणी विचारलं तर? बाबांचा तो जाड कोश काढला, कोणता शब्द शास्त्रात कुठे येतो ते दाखवणारा. "हाक" बघितलं, "पाठ" बघितलं, "भाकर" बघितलं. भाकरीखाली दीड पान होतं, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नाही सापडलं.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं आणि आलंही. मी कोश मिटला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे ठेवला. मागे वळलो तर आई दारात उभी होती. चहा घेऊन आली होती. तिनं कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कप ठेवला आणि गेली. आम्ही दोघं बारा वर्षं एका घरात राहिलो आणि त्या सकाळबद्दल एक शब्द बोललो नाही.

म्हणजे चूक झाली हे मला कळत नव्हतं, असं नाही. तुझं नाव कमी करणं हा मंडळीचा नियम होता, ते माझं काम होतं, त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. पण ते वचन वाचायला मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं वाचलं, वादात हरलो होतो म्हणून. शास्त्राहून मोठं कोणी नाही म्हणणाऱ्या माणसानं शास्त्रात नसलेलं वाक्य देवाच्या नावावर खपवलं आणि दुसऱ्या दिवशी कळल्यावर गप्प बसला.

२०१६ ला आई गेली तेव्हा तू कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होतीस. आत ये म्हणायला मी चार पावलं आलो होतो. मग मला वाटलं, हिला माहीत असेल तर? आणि परत फिरलो. तुला वाटलं असेल की राग आहे. राग नव्हता, लाज होती.

अकोल्याला जाताना तुमचं शेगाव स्टेशन आलं की मी पेपर तोंडासमोर धरतो, प्रेम प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला असेल म्हणून. एकदा पेपरच्या कडेनं तू दिसलीस, त्याला डबा घेऊन आली होतीस, मुलगी हाताला होती. तिची आईसारखी चाल आहे. गाडी दोन मिनिटं थांबली होती.

पाळकसाहेबांना मी काल सगळं सांगितलं. ते बिचारे गोंधळले. म्हणाले, "काका, ते कार्ड गुपचूप काढून टाका, दोनशे दहा छापू, कोणाला कळणार आहे?" चांगल्या मनानं म्हणाले. मी विचार करतो म्हणालो.

विचार झाला. २९ तारखेला रविवार आहे. मी मंडळीसमोर सांगणार आहे. आईचं नाव येईल. त्यासाठी तुझी परवानगी पाहिजे, कारण ते झाकायला तू स्वतःचं तोंड बंद ठेवलंस. दीपमालाला फोनवर हो की नाही एवढंच सांग.

भाऊराव

मलकापूर,
३० डिसेंबर २०२४

प्रिय पुष्पे,

दीपमालानं निरोप दिला: "सांग म्हणावं, आईले आता कोनी काही करत नाई."

काल सांगितलं.

उपासना संपत आली, पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या, आणि मी उभा राहिलो. पुढे गेलो पण व्यासपीठावर चढलो नाही, खालीच उभा राहिलो. काय बोलायचं ते लिहून नेलं होतं. कागद खिशातच राहिला. सरळ सांगितलं: हे वचन शास्त्रात नाही. ते माझ्या आईनं मला घरी ठेवायला रचलं, माझ्या बहिणीनं अकरा वर्षांची असताना आईच्या सांगण्यावरून लिहिलं. बहिणीला ठाऊक होतं. २००४ साली मी ते देवाचं म्हणून तिच्याविरुद्ध वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी मलाही कळलं. वीस वर्षं मी लपवलं.

त्या वेळी मला एक गोष्ट जाणवली, ती लिहितो, तू हसशील. २००४ च्या त्या रविवारी चाळीस जण होते, प्रत्येकाच्या मांडीवर शास्त्र होतं. एकानंही उघडून विचारलं नाही की भाऊराव, हे कुठे आहे? त्यांचा विश्वास पुस्तकावर नव्हता, माझ्या आवाजावर होता. हे तुझ्या बाजूनं धर किंवा माझ्या बाजूनं धर, दोन्हीकडून मला लागतं.

पहिली बोलली ती मनकर्णाबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, काठी टेकून उभी राहिली. तिला १९९६ साली हेच कार्ड आलं होतं. पोरांशी भांडून ती भावाकडे निघून गेली होती, या वचनामुळे परत आली, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. दर साक्षीच्या वेळी ती सांगते. ती म्हणाली, "मंग मी परत आली ते कोनाच्या सांगन्यावरून?"

मी म्हणालो, "आईच्या."

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "सोजराच्या ना? मंग ठीक हाये." आणि बसली.

बायकांच्या बाजूला हसू आलं, पण सगळ्यांना नाही. एक पंच चांगलेच तापले. वीस वर्षं व्यासपीठावरून तुम्ही आम्हाला शास्त्र अचूक आहे म्हणून शिकवलं, आणि स्वतःच त्यात भर घातली, म्हणाले. ते बरोबर होतं. शास्त्र अचूक आहे असं मी आजही म्हणतो, पुष्पे, तुझ्या फादरांना सांग. अचूक नाही तो मी.

दुपारी पंचांची बैठक झाली. ठरलं असं: ते कार्ड काढायचं. २००४ च्या इतिवृत्तात शेरा मारायचा की त्या दिवशी वाचलेलं वाक्य शास्त्रातलं नव्हतं. एक वर्ष मी व्यासपीठावरून वाचन करायचं नाही. तुझं नाव कमी राहील, कारण तू दुसऱ्या चर्चची सभासद आहेस, तो नियम वेगळा. नंतर घरी येऊन पाळकसाहेब म्हणाले, तुमच्या बहिणीला नाव परत हवं असेल तर अर्ज करता येईल. मी म्हणालो, ती तिकडे सुखात आहे, तिला आणू नका. माझ्या तोंडून हे वाक्य गेलं तेव्हा दीपमाला माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या रविवारपासून मी मागे, दाराजवळच्या बाकावर बसेन. वाचन कॉलेजातली एक मुलगी करणार आहे. ती जरा घाईनं वाचते. सांगेन तिला हळू वाचायला. नाही, नाही सांगणार.

मला वाटलं होतं की सांगितल्यावर फार अपमान वाटेल. वाटला, संध्याकाळपर्यंत. मग भूक लागली. दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि वर ठेचा खाल्ला, आणि पडल्या पडल्या झोपलो. कित्येक दिवसांनी इतकी झोप लागली.

राहिलं एकच, आणि ते मंडळीसमोर सांगून भागत नाही. पुष्पे, माझी चूक झाली. मी तुला लोकांसमोर दुखवलं, आणि त्याहून वाईट म्हणजे कळल्यावरही वीस वर्षं तुझ्या दारात आलो नाही. पाऊण तासाचा रस्ता आहे. मला क्षमा कर. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर त्यात तुझी काही चूक नाही, हे मला समजेल.

तुझा भाऊ,
भाऊराव

शेगाव,
२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सलाम. घरी सगळे तुला आणि वहिनीला नववर्षाच्या शुभेच्छा देतात.

तुझं पत्र काल दुपारी आलं. प्रेमनं मोठ्यानं वाचलं, कारण मला वाचवेना. तू शेगावला पेपर धरतोस हे त्याला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. तो म्हणतो, तुम्ही एकदा पेपर उलटा धरला होता.

शिक्का वजन तयार करत नाही, हे तुझं उत्तर चांगलं आहे. मला दोन दिवस विचार करावा लागला. माझं उत्तर तयार आहे, पण ते मी लिहिणार नाही, तोंडावर सांगेन. तयारी करून ये. आणि वाद जेवणानंतर, आधी नाही. तू ताट सारून उठतोस.

क्षमा केली. ती केव्हाच केली होती, दादा. तू मागितलीस म्हणून आता सांगते आहे.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, प्रेमलाही नाही. आईनं ते वाक्य मला सांगितलं तेव्हा मी पेन्सिल थांबवून विचारलं होतं, "आई, हे शास्त्रात हाये का?" मला सगळी वचनं पाठ होती ना, बाबांनी करवून घेतली होती. तिनं भाकर तव्यावर टाकली, मागे वळून बघितलं कोणी नाही ना, आणि म्हणाली, "नाई. देवाले काय, त्याले तो नाशिकमधी बी सापडन. पण मले तो घरी पाह्यजे." आणि मग रडायला लागली. म्हणून मी लिहिलं.

दादा, मले बी तू घरी पाह्यजे. पाच तारखेला रविवार आहे. तुमची उपासना आटोपली की दुपारच्या गाडीनं वहिनीला घेऊन ये. प्रेम प्लॅटफॉर्मवर उभा राहील.

तुझी,
पुष्पा